सांत आंतोनची वाटणी

भावंडांनी देव वाटून घेऊ नयेत, असं कुठल्याच धर्मग्रंथात स्पष्ट लिहिलेलं नाही. मी आमच्या फादरांना विचारून खात्री करून घेतली आहे. ज्यांनी ते ग्रंथ लिहिले त्यांना सख्खी भावंडं नसावीत, एवढाच निष्कर्ष मला काढता येतो. आमच्या घरी भावंडं तीन आणि आल्तारावरच्या वस्तू चौदा होत्या. चौदाला तीनने भाग जात नाही, हे सरकारी कचेरीत बावीस वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला आधीच सुचायला हवं होतं.

आल्तार म्हणजे आमचा देव्हाराच. माझ्या आजोबांनी गोव्याहून आणलेलं शिसवी कपाट, त्याला काचेची दारं, आणि आत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, वेलांकणीची सायबीण, म्हणजे मारियामाता (हिच्या पोटात निळा दिवा लागतो), तीन बाण लागलेला सांत सेबास्त्याव, सायबिणीच्याच आकाराची, मुकुटाच्या जागी झाकण असलेली पवित्र पाण्याची बाटली, जपमाळा, आणि या सगळ्यांच्या मधोमध वीतभर उंचीचा लाकडी सांत आंतोन. संतांना देव म्हणू नये असं फादर बजावतात. पण रत्नागिरीत चारी बाजूंनी देव असताना आमच्याच संतांना कमीपणा का, असा मायचा प्रश्न होता, आणि मायशी फादरसुद्धा वाद घालत नसत.

सांत आंतोनचं खातं हरवलेल्या वस्तूंचं. माझं सेवापुस्तक कचेरीत सात महिने गहाळ होतं, ते त्याच्यामुळे सापडलं. फिलूचा, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्यानेच शोधून दिला, आणि मोठा भाऊ इनास, त्याची मुंबईची नोकरीही त्याच्याच खात्यातली. मात्र त्याच्याकडून काम करून घ्यायची आमच्या घरची एक पद्धत होती. साधं काम असलं तर मेणबत्ती. त्याने दिरंगाई केली तर त्याचं तोंड भिंतीकडे. आणि अगदीच अडलं, तर त्याच्या कडेवरचा बाळ येशू काढून घ्यायचा आणि काम होईपर्यंत लपवून ठेवायचा. बाळ एका खुंटीवर बसवलेलं होतं, त्यामुळे ते अलगद निघायचं. कडेवरचं लेकरू गेलं की संतही घायकुतीला येतो, असा हिशेब. फादरांना ही पद्धत ठाऊक नव्हती, आणि त्यांना ती कळू नये याची आम्ही सगळे काळजी घेत असू.

माय दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये गेली. महिन्याच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, इनास मुंबईहून आणि फिलू दापोलीहून येणार, असं ठरलं. मिसेच्या आठ दिवस आधी इनासचा फोन आला.

"सालू, आल्तार तुझ्याकडेच राहू दे. मला फक्त सांत आंतोन पाहिजे."

दुसऱ्या दिवशी फिलूचा आला. "दादा, मला काही नको. मायने मला म्हटलं होतं, आंतोन तुझा."

मलाही दुसरं काही नको होतं. मायची आजारपणं मी काढली होती, रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मी म्हटला होता. पण मी काही बोललो नाही, कारण आमच्या तिघांमध्ये बोलण्याची सवय मोडली होती. फिलूच्या लग्नात, त्र्याण्णव साली, जेवणाआधी टोस्ट म्हणायचा मान माझा आहे असं समजून मी तीन पानी भाषण लिहून नेलं होतं. इनासने मोठेपणाच्या हक्काने उठून दोन मिनिटांत इंग्रजीत टोस्ट उरकला. मी जेवणावरून उठलो. मी उठलो म्हणून इनास उठला. आणि दोघांनी माझं लग्न नासवलं म्हणून वधूही उठली. त्यानंतर आठ वर्षांत आम्ही तिघं एका टेबलाला बसलो नव्हतो. ते भाषण अजून माझ्याकडे आहे, आणि ते चांगलं आहे.

तेव्हा आता सगळं नियमाप्रमाणे करायचं, म्हणजे इनासने जन्मभर मला अप्पलपोटा म्हणायला नको, असं मी ठरवलं. मला खरोखर एवढंच हवं होतं. इनासने परत जाताना माझ्याकडे सरळ बघून जावं.

शेजारच्या आप्पांना हे कळलं, कारण आप्पांना सगळंच कळतं. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची हापूसची बाग आणि त्या बागेतल्या एका झाडावर सव्वीस वर्षं चाललेला दावा. वाटणी या विषयात आळीत त्यांच्याइतका अनुभवी माणूस नाही.

"पाळी लावा," ते म्हणाले. "आमचा गणपती अकरा चुलत भावांत फिरतो. माझी पाळी पुढली दोन हजार आठला."

"आणि भांडणं होत नाहीत?"

"होतात. पण पाळीनं होतात."

मग ते म्हणाले की पाळी नको असेल तर चिठ्ठ्या टाका, पण काहीही करा, कागद करा. म्हणून मी चौदा वस्तूंची यादी कार्बन घालून तीन प्रतींत केली आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका लेखनिकाकडे गेलो. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"यातले सांत आंतोन हयात आहेत का?"

"नाहीत."

"मग मृत्यूचा दाखला लागेल. वारस कोण?"

"वारस नाहीत हो. ब्रह्मचारी होते ते."

"इथे तर तुम्ही 'कडेवर बाळ' लिहिलंय."

ही मूर्ती आहे, हे समजावण्यात माझी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा गेली. समजल्यावर त्याने हात झटकले. देवाधर्माचं तो लिहीत नाही म्हणाला. त्याच्या हातून एकदा एका ग्रामदेवतेच्या पालखीचा कागद चुकला होता आणि त्या वर्षी त्याची म्हैस आटली होती. मी फादरांकडे गेलो. जो जास्त प्रार्थना करतो त्याला आंतोन द्या, असा त्यांनी निवाडा दिला. असा निवाडा द्यायला भावंडं नसणं फार उपयोगी पडतं. निघताना त्यांनी आणखी एक सूचना केली, की आशीर्वाद दिलेली वस्तू तुटली तर ती कचऱ्यात टाकायची नाही, पुरायची. ती सूचना मला तेव्हा अवांतर वाटली.

वाटणीच्या बाबतीत सल्ला दिला नाही असं आळीत एकच माणूस होतं, ते म्हणजे आमच्या पलीकडच्या यमुनाबाई. मायची आणि त्यांची चाळीस वर्षांची मैत्री. दोघींच्या घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा, आणि त्यावरून वाट्या, पातेली, औषधं आणि निंदानालस्ती रोज इकडून तिकडे होत असे. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तिगांव येतील ना? मग आदी जेवा तिगां एकत्र. वाटणीचां मागनं बगा." म्हाताऱ्या माणसांना जेवणापलीकडे काही सुचत नाही, असं मी घरी येऊन रेजिनाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटल्याचं आठवतं.

मिसेचा दिवस शनिवार होता. मिस सकाळी झाली. देवळात इनास पुढच्या बाकावर, फिलू मधल्या आणि मी मागच्या. घरी आलो तर यमुनाबाई घावन्यांचा डबा आणि नारळाच्या रसाचं पातेलं घेऊन गडग्यापाशी उभ्या. "गरम हायत, तिगां बसून घ्या." इनास म्हणाला, पाचची गाडी आहे, आधी काम उरकू, आणि पडवीत उभ्याउभ्या दोन घावने खाल्ले. फिलू स्वयंपाकघरात रेजिनाजवळ बसली. मी पाहुण्यांना वाढायचं म्हणून खाल्लंच नाही. यमुनाबाई दारात उभ्या राहून आणखी तीनदा जेवा म्हणाल्या आणि गेल्या.

चिठ्ठ्या कोणी काढायच्या यावर पाऊण तास गेला. रेजिना नको, कारण ती माझी बायको. शेवटी आप्पांनी चष्मा काढून ठेवला आणि निःपक्षपातीपणाने चिठ्ठ्या उचलल्या. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नसल्यामुळे वाचायला पुन्हा रेजिनाच लागली. सायबीण फिलूला गेली. पाण्याची बाटली मला. तसबीर मला. सेबास्त्याव मला. आणि सांत आंतोन इनासला.

फिलू रडू लागली. मला रडता येत नव्हतं, कारण पद्धत माझी होती. इनासने पुढे होऊन आंतोनला उचललं. आंतोनच्या हातात गेली कित्येक वर्षं प्लास्टिकच्या गुलाबांचा गुच्छ होता, मायने बांधलेला. तो सुटून खाली पडला, आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं की कडेवर बाळ नाही. नुसती खुंटी.

मग इनास माझ्याकडे वळला.

"काय मागत होतास रे तू?"

"मी?"

"घरात तू राहतोस. बाळ कुणी काढलं मग? काय हवं होतं? प्रमोशन? का घर नावावर?"

इथे लक्षात घ्या, त्याला मी चोर वाटलो नाही. बाहेरच्या कुणालाही आधी चोरी सुचली असती. आमच्या घरात मात्र बाळ नाही याचा एकच अर्थ. कुणीतरी गुपचूप काहीतरी मागत होतं आणि ते इतकं मोठं होतं की मेणबत्तीने भागलं नसतं. चोराला माफी असते. हे त्याहून वाईट होतं.

मी शपथ घेतली. फिलू म्हणाली, शपथ राहू दे, रोज संध्याकाळी आल्तारापुढे बसत होतास, तुला कधी दिसलं नाही? या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मी तेर्स डोळे मिटून म्हणतो. आठ वर्षं मी डोळे मिटूनच म्हटला.

मग मीही उलटलो. म्हटलं, फिलू, तू बाळंतपणाला इथे होतीस, तुला मुलगा हवा होता. फिलू म्हणाली, मला मुलगीच हवी होती, आणि इनासची व्हीआरएस अडली होती तेव्हा तोच नाही का येऊन गेला एका दिवसासाठी. आम्ही तिघांनी एकमेकांच्या मनातल्या एकूण एक इच्छा अशा उघड्यावर मांडल्या, आणि आप्पा खुर्चीत बसून सगळ्या ऐकत होते. मायचं नाव कुणीच घेतलं नाही. माय कधी स्वतःसाठी काही मागत नसे, हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

शोधाशोध सुरू झाली. तांदळाचा डबा उपडा केला, माळ्यावरचं सगळं उतरवलं, मायची ट्रंक, शिवणाचं मशीन, लोणच्याच्या बरण्या. रेजिनाने सवयीने हात जोडले आणि म्हणू लागली, "सांत आंतोना, हरवलेलं सापडू दे..." आणि मध्येच थांबली. हरवलेलं शोधून देणाऱ्याचंच हरवलं तर कोणाकडे जायचं, याची आमच्या धर्मात तरतूद नाही.

आप्पांच्या धर्मात ती होती. ते उठले, उंबऱ्यात उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "हे बा सांत आंतोना, आज ह्या फर्नांडिसांच्या घरात तुझ्या कडेवरचा जो काय बाळ हरवलेला हा, तो जिथं असंल तिथून परत येऊ दे रे महाराजा." आणि पडवीतून माझा मोठा भाऊ, ज्याने मुंबईत पंचवीस वर्षं काढली आणि टोस्ट इंग्रजीत म्हटला, तो दबक्या आवाजात म्हणाला, "होय महाराजा." मी ते ऐकलं. त्या क्षणी मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात माझ्या हातातली ट्रंक आल्ताराला लागली आणि सांत सेबास्त्याव खाली पडला. त्याचे बरोबर तीन तुकडे झाले. त्या दिवशी समसमान वाटणी झाली ती तेवढीच. फादरांच्या सूचनेप्रमाणे ते तिन्ही मी दुसऱ्या दिवशी अबोलीच्या वाफ्यात पुरले.

साडेतीनला इनास निघाला. रिक्षात आंतोनला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. "बाळ सापडलं तर ठेव तूच," म्हणाला. "मला रिकामा चालेल." बोलताना तो रिक्षावाल्याकडे बघत होता. फिलूने दापोलीच्या एसटीत सायबीण शेजारच्या सीटवर ठेवली, तर कंडक्टर म्हणाला, सीटवर ठेवाल तर लगेज पडेल, मांडीवर घ्याल तर देव म्हणून सोडतो. पाच तास ती मांडीवर घेऊन बसली. हे तिने मला नंतर कळवलं, जणू त्या कंडक्टरलाही मीच नेमलं होतं.

रात्री मी जेवलो नाही. आल्ताराची दारं उघडी होती. तसबीर, बाटली, जपमाळा, आणि मधे आंतोनच्या तळाएवढा, धूळ न बसलेला चौकोन. माझ्या आयुष्यात मी इतकी नियमाने केलेली गोष्ट दुसरी नाही, आणि इतकी वाईट झालेलीही नाही.

सकाळी मी यमुनाबाईंचं पातेलं परत द्यायला गेलो. चाळीस वर्षांत गडग्यावरूनच देवाणघेवाण, पण त्या दिवशी त्या दिसल्या नाहीत म्हणून आत गेलो. त्या पूजेला बसल्या होत्या. ताम्हनात पितळेचा रांगता बाळकृष्ण होता आणि त्याच्याशेजारी, तेवढाच, लाकडी, रंग धुऊन धुऊन पांढुरका पडलेला, आमचा बाळ येशू. दोघांना एकाच पळीने पाणी घालून त्यांनी पुसलं. दोघांच्या कपाळाला गंध लावलं. दोघांपुढे एकाच वाटीत दूधसाखर ठेवली. मग माझ्याकडे बघितलं.

"बस."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

"तुजी आई देऊन गेली. फिलूचां लगीन झालां त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनाली, यमुने, माझ्या घरात ठेवलां तर मलाच राहवायचां न्हाय, मीच परत बसवीन त्याला. तू ठेव. माझी तिगां पोरां एका पंगतीला बसून जेवली की दे."

"आठ वर्षं?"

"आठ वर्सां मी रोज आंघोळ घालतंय. तुमचा देव थंड पान्यानं कुडकुडतो का म्हनून कोमट करतंय."

"अहो, मग काल सांगायचं होतं ना. काल तिघं होतो आम्ही. इतकं झालं, तुम्ही गडग्यावरून सगळं ऐकलंत."

"काल मी चार वेळा जेवा म्हटलां."

"पण कशासाठी ते सांगितलं असतंत तर बसलो असतो."

यमुनाबाईंनी निरांजन लावलं. "बाळासाठी बसला असतांव. एकमेकांसाठी न्हाय. ती तसां म्हनाली नव्हती."

मी हात पुढे केला. निदान इनासला दाखवायला, निदान माझं नाव साफ करायला मला तो हवा होता. त्यांनी ताम्हन जवळ ओढलं आणि मान हलवली. अट पुरी झालेली नाही, म्हणाल्या. मी बावीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवले आहेत. माझा पहिल्यांदा आला. मला मायची इतकी आठवण तिच्या मिसेलाही आली नव्हती. रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून ती काय मागत होती, हे डोळे मिटून बसलेल्या मला कधी दिसलं नव्हतं.

त्याच दुपारी मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून इनासला फोन केला. सगळं सांगितलं. तोवर बूथवाल्याने दोनदा मीटरकडे बघितलं.

"माय मागत होती?" इनास म्हणाला.

"हो."

"आपल्यासाठी."

"हो. ये रे इनास. दिवाळीला ये, नाताळला ये. नुसता जेवायला ये."

"बघतो," तो म्हणाला. "आंतोनला कुठे ठेवू कळत नाहीये. टीव्हीवर ठेवलाय. खुंटी दिसते सारखी."

त्या नाताळला फिलू आली. रेजिनाने तीन ताटं मांडली. इनासच्या सोसायटीत पाण्याची टाकी फुटली. पुढच्या नाताळला इनास आला आणि फिलूची नाइट ड्यूटी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी दोघंही येणार होते, तर मला निवडणुकीच्या कामावर खेडला पाठवलं. दर वेळी यमुनाबाई घावने घेऊन गडग्याशी येतात, खिडकीतून ताटं मोजतात, आणि डबा रेजिनाच्या हातात देऊन परत जातात. मी ते तीन पानी भाषण फाडून टाकीन असं फिलूला कळवलं आहे. तिने कळवलं की फाडू नको, त्या दिवशी वाच.

परवा आप्पा सांगत होते, यमुनाबाईंचं वय आता ब्याऐंशी. त्यांना दम लागतो, पण आंघोळ घालायची त्या चुकवत नाहीत. त्यांना दोन मुलगे आहेत, एक डोंबिवलीला आणि एक चिपळूणला. आप्पांकडे दोघं वेगवेगळे येऊन गेले. आईच्या माघारी देव कसे वाटून घ्यायचे, याचा सल्ला विचारायला. आप्पांनी त्यांना चिठ्ठ्या टाका म्हणून सांगितलं आहे.